मावशींचं शेजारासकट घर

घर उलट्या बाजूने विकत घेणारं माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच झालं असेल, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. लोक आधी स्वयंपाकघर पाहतात, मग बाथरूम मोजतात, गराजमध्ये किती गाड्या मावतील ते विचारतात आणि सगळं पसंत पडलं की जाता जाता शेजाऱ्यांची चौकशी करतात. मावशी आधी मागच्या गल्लीत जाऊन कचऱ्याचे डबे पाहत. झाकणं लागलेली असली तरच पुढे सरकत. मग जिन्यात उभ्या राहून डोळे मिटून वास घेत. "वास नसलेल्या जिन्यात राहू नये, जावईबापू," त्या मला सांगत. "तिथं एकतर कोणी रांधत नाही, नाहीतर दारं घट्ट लावून रांधतात." त्यानंतर शेजाऱ्यांची दारं वाजवत. खुद्द घर त्या सगळ्यात शेवटी पाहत, तेही उभ्या उभ्या.

मावशी मूळच्या नागपूरच्या आणि शिकागोच्या एका मोठ्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. लग्न केलेलं नव्हतं. "राहून गेलं बापा," असं त्या गिरणीतून दळण आणायचं राहून जावं अशा सुरात सांगत. व्यवसायाची एक सवय मात्र त्यांच्या अंगात मुरली होती. भूल देण्याआधी रोग्याला विचारतात तसं भेटेल त्याला त्या पहिल्यांदा विचारत, "शेवटचं केव्हा खाल्लं?" बसचा ड्रायव्हर, बँकेतली बाई, आमच्या मराठी मंडळींचे कुलकर्णीकाका, कोणाचीच त्यातून सुटका नव्हती. रोग्याने "काहीच खाल्लं नाही" म्हटलं की त्यांचं समाधान होई. इतर कोणी तेच म्हटलं की पर्समधून डिंकाचा लाडू निघे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. मावशींना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती, त्यामुळे शनिवार आला की सारथ्य माझ्याकडे. आम्ही उपनगरात राहत होतो, म्हणून साहजिकच मी त्यांना आमच्या बाजूची घरं दाखवायला नेई. एका टुमदार घरासमोर ब्रोकर बाईंना मावशींनी विचारलं, पलीकडे कोण राहतं? बाई हसून म्हणाल्या, काळजी करू नका, ते तुम्हाला कधी दिसणारसुद्धा नाहीत. मावशी तडक गाडीत येऊन बसल्या आणि पट्टा लावला. मी वैतागलो होतो. तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी सरळ समोर पाहत मला एक गोष्ट सांगितली. तळ्याकाठच्या ज्या उंच इमारतीत त्या इतकी वर्षं भाड्याने राहत होत्या, तिथे शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ वारले होते. मावशींना ते कळलं सामान हलवणारे आले तेव्हा. "मी डॉक्टर, जावईबापू. भिंतीच्या अलीकडे बसून टीव्ही पाहत होते. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं." त्यानंतर मी त्यांना उपनगरात नेलं नाही.

शिकागो शहरातच, डेव्हन ॲव्हेन्यू या रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत, लाल विटांची एक तिमजली इमारत होती. लिफ्ट नाही, जिना अरुंद, समोरच्या रिकाम्या प्लॉटवर मोडकी गादी पडलेली. मावशी जिन्यात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. कुठेतरी कांदा परतत होता, कुठेतरी पाव भाजत होता, आणि एक वास आम्हा दोघांनाही ओळखता आला नाही. "हेच," त्या म्हणाल्या. अजून वर जाऊन घर पाहायचं होतं.

आमच्या मंडळींत हलकल्लोळ झाला. कुलकर्णीकाका स्वतः फोन करून म्हणाले, "मावशी, ती नेबरहुड चेंज होतेय. इन्व्हेस्टमेंट म्हणून डेड आहे."

"कशाची काय होऊन राहिली?" मावशींनी विचारलं.

काकांनी "म्हणजे, यू नो," म्हणून विषय बदलला. पण या घराच्या ब्रोकरने तो बदलला नाही. त्याने मला बाजूला घेऊन, जणू उपकार करतोय अशा थाटात सांगितलं की विकणारे लोक घाईने निघालेत, कारण पहिल्या मजल्यावर, म्हणजे आपल्याकडच्या तळमजल्यावर, एका काळ्या कुटुंबाने घर घेतलंय. मी गोंधळलो आणि ते मावशींना मराठीत सांगितलं. वाटलं, आता निदान विचार करतील. मावशींनी केला. म्हणाल्या, "मग सह्या करायच्या आधी त्यांना विचारायला पाहिजे."

"काय विचारायचं?"

"मी चालेन का म्हणून."

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर ब्रोकरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मावशींनी त्याला शेवटचं केव्हा खाल्लं ते विचारलं, लाडू हातात दिला आणि पहिल्या मजल्यावरचं दार वाजवलं. दार उघडलं लॉरेननं. ती शाळेत शिकवायची, नवरा पोस्टात. दाराची साखळी न काढता तिने आमच्याकडे पाहिलं. साडीवर ओव्हरकोट घातलेली एक बुटकी बाई, मागे मी, आणि त्यामागे लाडू धरून उभा असलेला ब्रोकर. मावशींनी आपल्या ठसक्याच्या इंग्रजीत सांगितलं की मी वरचं घर घ्यायचं म्हणते आहे, पण माझ्यात बरेच दोष आहेत, ते आधी ऐकून घ्या. मी पहाटे उठते आणि मोठ्याने स्तोत्रं म्हणते. फोडणीत हिंग घालते, त्याचा वास सगळ्यांना सोसतोच असं नाही. आणि मी आगाऊ आहे, न बोलावता येते.

लॉरेनने साखळीआडून ब्रोकरच्या हातातल्या लाडूकडे पाहिलं. मग म्हणाली, "या इमारतीत आम्ही आल्यापासून लोक फक्त जाताना पाहिलेत. तुम्ही मला का विचारताय?"

"तुम्ही इथं आधीपासून आहात," मावशी म्हणाल्या.

साखळी निघाली. माझा नवरा ट्रॉम्बोन वाजवतो, वाईट वाजवतो, असं लॉरेनने सांगितलं. मावशींनी त्यावर विचार करून "रोज?" असं विचारलं, आणि "रविवारी" कळल्यावर मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्या दिवशी ठरलं. तो न ओळखलेला वास कसला होता तेही कळलं. लॉरेनच्या शेगडीवर भेंडीचा रस्सा शिजत होता, पण त्यात कोळंबी होती.

राहायला गेल्यावर मावशींनी पहिलं काम केलं ते फुटपाथ झाडायचं. रोज सकाळी इस्पितळात जाण्यापूर्वी भारतातून आणलेल्या खराट्याने त्या इमारतीसमोरचा रस्ता झाडत. अमेरिकेत डॉक्टर बाई रस्ता झाडते हे पाहून कुलकर्णीकाकांनी मान खाली घातली, आणि समोरच्या, इराकहून आलेल्या असिरियन बेकरीवाल्याला त्या महापालिकेच्या कर्मचारी वाटल्या; त्याने त्यांच्याकडे रस्त्यावरच्या बंद दिव्यांची तक्रार केली. मावशींनी ती नेऊन महापालिकेत दिली. बेकरीवाला, लॉरेन आणि मावशी, तिघं मिळून इतक्या वेळा गेली की शेवटी तिथल्या साहेबाने दिवे लावून दिले. मग समोरच्या प्लॉटवरची गादी गेली. लॉरेनच्या नवऱ्याने तिथे टोमॅटो लावले, मावशींनी मेथी. दोन-चार वर्षांनी त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना. इमारतीत आता कोरियन जोडपं होतं, एक विधवा ज्यू आजी होत्या, आणि कोणाचं पोट दुखलं की सगळे आधी तिसऱ्या मजल्यावर धावत.

पण तिसरा मजला तो तिसराच. दशक संपत आलं तसे मावशींचे गुडघे बोलू लागले. निवृत्ती जवळ आली आणि जिना चढताना त्या मध्येच बसू लागल्या. आम्ही दोघांनी ठरवलं की आता त्यांना आमच्याकडे आणायचं. बायकोने खालची खोली रंगवली, निळे पडदे शिवले, पलंगाला आधाराचा कठडा बसवून घेतला. एका शनिवारी आम्ही न्यायलाच गेलो.

लॉरेन आमची वाट पाहत जिन्यातच उभी होती. म्हणाली, "मी आणि माझा नवरा बोललोय. डॉक्टरनी आमच्या घरात यावं, आम्ही त्यांच्या घरात जातो. दोन्ही घरं सारखीच आहेत. वकिलाला विचारलंय." मावशी तिच्यामागे पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. भूल देणाऱ्या बाईला रडू आवरता येतं, पण फार वेळ नाही.

बायको दुखावली. "मावशी, आम्ही परके का?" तिने विचारलं.

"नाही ग पोरी," मावशींनी तिचा हात धरून ठेवला. "पण तुमच्याकडं दुपारी मी एकटी असेन. तुम्ही कामावर जाता ना."

पुढच्या आठवड्यात दोन्ही बिऱ्हाडं हलली. खालचं सामान वर आणि वरचं खाली, त्याच अरुंद जिन्यातून. वळणावर दोन सोफे समोरासमोर येऊन अडकले आणि सगळी इमारत हसत हसत त्यांना सोडवत राहिली. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मावशी त्यांच्या नव्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण दोन मिनिटं थांबत होता. आम्ही हात केला. त्या कोणाशी तरी बोलत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. घरी पोचल्यावर बायको खालच्या खोलीत गेली आणि निळे पडदे सारखे केले. मग म्हणाली, "पडदे छान झालेत, नाही? राहू देत." आणि ते आम्ही अजूनही काढलेले नाहीत.