सर्व्हर रिकामा, रांग खोळंबलेली

आमची वहिनी डायलिसिस केंद्राची वेबसाइट सांभाळते, आणि मी तिथेच बाहेर काउंटरवर बसते. घरात मला 'तोफ' म्हणतात. का, ते कळेलच.

दर सोमवारी सकाळी त्या आठवड्याच्या वेळा साइटवर खुल्या होतात. त्या सोमवारी सगळे एकदम तुटून पडले आणि साइट लटकली! पांढरा पडदा, मधोमध गरगर फिरणारं चाक. माझ्यासमोर माणसांची ही झुंबड, फोन खणखणतायत, आणि घरी आमचे बाबा मोबाइल धरून बसलेले. यंत्रांच्या दुरुस्तीत त्यांची एक खेप आधीच हुकली होती, पाय टम्म सुजले होते. उद्याची वेळ मिळाली नाही तर थेट अतिदक्षता विभाग, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी धावत आतल्या खोलीत शिरले. केंद्राचे साहेब ओरडत होते, "मोठा सर्व्हर घ्या! लोड झेपत नाहीये!"

"कसला लोड, साहेब?" वहिनी स्क्रीनला नाक लावून बसली होती. "सर्व्हर तर रिकामा लोळत पडलाय! सगळे कशाची तरी वाट बघत अडकलेत. कशाची, तेच शोधतेय."

मला राहवेना. "वहिनी, आतून बाबांचं नाव टाक ना पटकन!"

"तोंड सांभाळ. बाहेरच्यांना काय बाबा नाहीत?"

अस्सा राग आला मला! खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, मेसेज!"

वेळ ठरली की मोबाइलवर मेसेज जातो. ही सोय नवीनच, आणि तीही बाबांच्या हट्टापायी. मेसेज वाजल्याशिवाय त्यांचा विश्वासच बसत नाही. पण मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचं 'गेला' असं उत्तर येईपर्यंत सर्व्हर ना वेळ पक्की करायचा, ना त्या माणसाला सोडायचा. एरवी उत्तर चुटकीसरशी यायचं. आज ती कंपनीच ठप्प!

"आधी वेळ द्यायची, मेसेज मागाहून सावकाश!" वहिनीची बोटं नुसती नाचत होती. दुरुस्ती झाली. आता फक्त सर्व्हर बंद करून चालू करायचा. म्हणजे अडकलेले सगळे बाहेर फेकले जाणार.

नेमका घरच्या लँडलाइनवरून बाबांचा फोन. वहिनीने स्पीकरवर घेतला. "सूनबाई, मी आत शिरलोय! चाक फिरतंय. हात लावू नकोस हं!"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, मी सगळ्यांना बाहेर काढतेय. तुम्हालाही. परत पहिल्यापासून या."

आणि तिने बटण दाबलं.

सुरू झालं! स्क्रीनवर नावं धडाधड पडायला लागली, बाहेर एकच जल्लोष. पण उद्याच्या वेळाही भराभर संपत होत्या, आणि फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

"बाबा, बोला ना!" मी किंचाळले.

"थांब गं, बोट नीट लागत नाही… मिळाली! उद्याची मिळाली!"

मी टेबलावर थाडथाड हात आपटले. वहिनी मात्र मटकन खाली बसली. "नसती मिळाली तर गं?" म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी तिला घट्ट कवटाळलं. बाबा माझे सख्खे, तिचे सासरे. तिच्या जागी मी असते, तर ते बटण मी दाबलं नसतं.