लांबून शिकलेलं रसायन

मॅट्रिकच्या वर्गात मी एकटीच मुलगी. वाशीमच्या आमच्या शाळेत रसायनाचा तास आला की मास्तर मला मागच्या भिंतीशी बसवत.

"तेजाब तोंडावर उडालं तर तुझ्याशी लग्न कोण करेल?"

मुलं हसत. मी दातओठ खात पुस्तक वाचत राही. ते पुस्तक तरी मला लांब बसवत नव्हतं.

त्या दिवशी जस्ताचे तुकडे तेजाबात टाकून हायड्रोजन काढायचा होता. त्यासाठी तेजाब आधी पातळ करायचं. मास्तर व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत उभे होते. टेबलाशी त्यांचा लाडका, एका मोठ्या जमीनदाराचा मुलगा. पेल्यात नुसतं तेजाब होतं आणि त्यानं पाण्याचा लोटा उचलला.

मी जागेवरूनच ओरडले, "उलटं करून राह्यला तू! पान्यात तेजाब टाक, हळूहळू!"

पाणी तेजाबाहून हलकं. ते वरच राहतं, आणि दोन्ही मिसळताना इतकी उष्णता सुटते की वरचं पाणी तिथंच उकळून तेजाबासकट उडतं. पुस्तकात एका ओळीत नुसता नियम लिहिला होता. त्याचं कारण मी स्वतः डोकं खाजवून शोधलं होतं.

"तू गप बस," म्हणत त्यानं पाणी ओतलं.

फस्सकन आवाज झाला आणि तो किंचाळला. मी धावले, कोपऱ्यातला माठ उचलला आणि त्याच्या हातावर पाणी ओतत राहिले. तो हात ओढत होता, मी सोडला नाही. फोड आले, पण हात वाचला.

मास्तर आत आले आणि माझ्यावरच उखडले. "वर्गात मुलगी असली की पोरांचं लक्ष उडतं. उद्यापासून या तासाला येऊ नकोस!"

तो मुलगा खाली मान घालून उभा होता. मी आधीच ओरडून सांगितलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. मास्तरांपेक्षा त्याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी माझी माय बाजारात भाजी विकून रिकामी टोपली घेऊन थेट हेडमास्तरांच्या खोलीत शिरली. मास्तर तिथंच होते.

"काहून हो मास्तर, माया पोरीले काहून काढलं?"

"बाई, तिच्याच भल्यासाठी. उद्या तोंड भाजलं तर?"

"चुलीपाशी रोज हात भाजते तिचा. तवा कोनाले तिचं लगन आठोत नाही!"

हेडमास्तरांनी मला परत घेतलं. पण बसायचं त्याच भिंतीशी. वर्षभर मी संयुजा, समीकरणं, क्षार सगळं पुस्तकातून शिकले, आणि परीक्षानळीला एकदाही हात न लावता रसायनात वर्गात पहिली आले.

निकालाच्या दिवशी मास्तर पाहुण्यांना सांगत होते, "ही माझीच विद्यार्थिनी. मी घडवली."

हेडमास्तर म्हणाले, "पाया पड गुरुजींच्या."

मी मास्तरांकडे वळले. "परीक्षानळी कशी धरतात ते मले अजून माहीत नाही, मास्तर," एवढंच म्हणाले आणि हात न जोडता बाहेर आले.

माय फाटकाशी उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं, पाया नाही पडली ते."