पिवळ्या शेपटीची उंदरीण

सुलभामॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलसावंगीला, माझ्या घरी, नातवाला अंघोळ घालत होते. त्याला महिना होत आला, पण जिवाला चैन नाही.

यवतमाळच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांची उंदरांची खोली सांभाळायची. अंडाशयाविरुद्धची प्रतिपिंडं सशाच्या रक्तातून काढून मॅडम ती उंदरिणींना टोचायच्या. ती मादीच्या बीजाच्या कवचावर जाऊन बसली की नराचं बीज आत शिरत नाही, मग गर्भ कुठला राहायला, असं त्यांनीच मला समजावलं होतं. टोचलेलीची शेपटी आम्ही पिवळी रंगवायचो. एकही पिवळी व्याली नव्हती. "शांताबाई, आणखी एक आठवडा असाच गेला की झालं माह्या प्रबंधाचं!" मॅडम म्हणाल्या. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं त्यांना. सासरची बोलणी खाऊन यायच्या. त्या दिवशी मात्र मनापासून हसल्या.

अन् तिसऱ्याच सकाळी पिंजरा झाडायला गेले तर एका पिवळीजवळ पिल्लं! एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल बाईची, एवढंच सुचलं मला. मॅडम यायच्या आत पिल्लं उचलली, लिंबाखाली पुरली, भुसा बदलला. तोंडाला कुलूप लावलं.

पुढं मॅडमना पदवी मिळाली, आणि नंतर त्यांच्याच रक्तात तसली प्रतिपिंडं निघाली. डॉक्टर म्हणत होते, प्रयत्न सोडू नका. मॅडम रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडे आल्या.

"शांताबाई, खरं सांगा. आपल्या पिवळ्यांपैकी एकीलेही राह्यलं नव्हतं ना?"

आता खरं सांगावं तर त्यांची पदवी जाते, माझी नोकरी जाते... "नाही जी मॅडम," मी म्हणाले.

"मंग मले कसं राह्यील?" म्हणाल्या, आणि उपचार बंद केले. कशी गं मी अशी निघाले!

परवा यवतमाळला त्यांच्या घरी भेटायला गेले तर त्यांच्या मिस्टरांनी प्रयोगवही हातात दिली. "यात तुमचं नाव आहे जागोजागी, तुम्हीच ठेवा." त्या सकाळच्या पानावर मॅडमनी लिहिलं होतं, 'पिवळीची आचळं फुगलेली. व्याली असेल का? शांताबाईला विचारायचं.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'आज विचारलं. नाही म्हणाली. शांताबाई माझ्याशी खोटं बोलणार नाही.'

वही माझ्या पेटीत आहे. त्या ओळीखाली जागा कोरी आहे, काल पेन घेऊन बसले होते.

पाच होती, मॅडम. पाचही जिवंत होती.