सायबाचा मंतर

मी आयुष्यात पुष्कळांचे विंचू उतरवले, आणि मला मंत्र एकही येत नाही.

पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कंपन्या यायला लागल्या, तेव्हाची गोष्ट. माझं शिक्षण चौथी (तीही मास्तर कंटाळले म्हणून पास!). एका कंपनीला मुकादम हवा होता. मास्तर म्हणाले, साहेब इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपं विचारतो. झालं! ओट्यावर डोळे मिटून, डुलत डुलत माझं सुरू : "गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन..."

एका संध्याकाळी शेजारचे किसनतात्या बोंबलत आले. गोवऱ्या काढताना विंचू चावला होता. मी थांबलो नाही. थांबलो की मागचं सगळं पुसलं जायचं! तात्या पुढ्यात विव्हळत बसले, मी घोकत बसलो. हळूहळू ठणका आपोआप उतरला.

"कुठनं शिकलास रं ह्यो मंतर?"

"तात्या, इंग्रजी क्रियापदं हायेत ही."

"म्हंजी सायबाचा मंतर! तरीच एवढा कडक!"

गावभर बोभाटा झाला. आणि विंचू उतरवणाऱ्याला आमच्याकडं नियम असा, की बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं आणि पैसा घ्यायचा नाही. (वा, काय धंदा!)

मुलाखतीच्या सकाळी मी टोपी घालतोय, तोच भोसरीची बैलगाडी दारात! तिथल्या एका बाईला विंचू चावला होता.

"अगं, सायब वाट बघतोय माझी," मी बायकोला म्हणालो.

"आन् तिकडं ती बाई तडफडतीया. उठा."

"चंद्रे, तो मंतर न्हाई, तुला ठावं हाय!"

"मला ठावं हाय. विंचवाला कुठं हाय?"

गेलो. सगळी क्रियापदं त्या बाईच्या पायावर खर्च करून कंपनीच्या फाटकाशी पोचलो, तर मुकादम नेमून मोकळे! परत फिरणार, तेवढ्यात पाया खणणारे मजूर ओरडले, "विंचूवाले आले!" तिथं प्रत्येक दगडाखाली विंचवाचा संसार. एकही गडी दगडाला हात लावेना. नव्या मुकादमानं मला लगेच कामावर घेतलं. दगड उचलायला!

चंद्रा ह्यावर जन्मभर हसली. गेल्या वर्षी तिच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी उशाशी बसून तेच सुरू केलं. दुसरं येतंय काय मला! तिनं एक डोळा उघडला.

"आवो, गप ऱ्हावा. मला विंचू न्हाई चावलेला."

ती गेली. मी ओट्यावर टोपी घालून बसलेला असतो. बोलावणं आलं की लगेच उठायचं, हा नियम अजून पाळतो. पण मेलं बोलावणंच येत नाही!