सातव्या कापाचे चार ठिपके

जोडे ज्यांवर चढवून शिवतात, ते लाकडी पाय घडवणाऱ्या कारखान्यात ठिपकेमामांचं आयुष्य गेलं. आधी लवचिक पट्टी वाकवून ते कागदावर वळण काढायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशी उलटली होती, पण मामा तोही शिकले. लाकडी पायाचे मनातल्या मनात काप पाडायचे, प्रत्येक कापाभोवती यंत्राची सुई टेकवत जायचं. दर ठिकाणी तीन आकडे, एका ओळीत. ती फाइल कॉम्प्युटरने वाचली की ठिपका ठिपक्याचा हात धरतो आणि वळण उभं राहतं.

शिकायला येईल त्याला मामा दोनच गोष्टी सांगत. "रांग सोडून बाहेर आलेला ठिपका उडवायचा. पाय खोटं बोलत नाही, आपला थरथरणारा हात बोलतो." आणि, "एका पायाची एकच फाइल. दोन झाल्या की नेमकी चुकीची यंत्रावर जाते."

हे सगळ्यांत मनापासून शिकली ती त्यांची सून. आता ती त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसे. सासूला तिने पाहिलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या वर्षीच ती गेली होती.

सासूच्या उजव्या पायाला करंगळीच्या मुळाशी हाड वर आलेलं होतं. लहानपणी मोडलं, तसंच वाकडं जुळलं. बाजारचा जोडा तिला कधी झालाच नाही. नव्या संसारात मामांनी तो पाय मांडीवर घेऊन मोजला, तेव्हा ती म्हणाली होती, "मला वाटलं, पाय बघून परत पाठवाल."

"पाठवणारच आहे. पण अनवाणी कशी पाठवू? जोडे होऊ देत."

एकतीस वर्षं ते जोडे काही पुरे झाले नाहीत.

ती गेल्यावर तिच्या बहिणीने घर आवरताना सगळे जोडे टाकून दिले. कुणाच्या पायात बसणार होते ते? उरला तो कारखान्याच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला तिचा लाकडी पाय, आणि त्यालाही वाळवी लागली.

"मामा, वहिनींना हलवा आता," मालक म्हणाले. "माझी फळी खायला निघाल्यात."

मामा हसले. दोन दुपारी खपून त्यांनी तो पाय मोजला. अकरा काप, प्रत्येकाला चोवीस ठिपके. बोटाखाली लाकडाचा भुसा होत होता. काम झाल्यावर त्यांनी तो वाळवीचा पाय मागच्या अंगणात जाळला. आकडे आले होते. चांगल्या लाकडात तो पाय पुन्हा कोरून घरी नेऊन ठेवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सासूचा पाय आपणच कोरून मामांच्या हातात द्यावा म्हणून सुट्टीच्या दिवशी सून एकटीच कारखान्यात आली. तिने फाइल उघडली, वळणं काढली. दहा काप कसे लोण्यासारखे आले. सातव्या कापाला मात्र चार ठिपके लांब बाहेर पडलेले. मामांच्या हातातला कप हल्ली बशीवर वाजतो, हे तिला आठवलं. त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून तिने ते ठिपके मुकाट्याने उडवले आणि फाइल त्याच नावाने ठेवली.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर कोरलेला पाय तिने फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "बघा बाबा."

मामांचा अंगठा टाचेवरून निघाला, पावलाच्या कडेने करंगळीपाशी आला, आणि न अडखळता पुढे गेला. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तसाच गेला.

"सातव्या कापाला चार ठिपके होते."

"बाहेर आले होते, बाबा. तुम्हीच सांगता ना, म्हणून उडवले."

"जुनी फाइल?"

"एकाच नावाने ठेवली. तुम्हीच तर..." तिने त्यांचा चेहरा पाहिला. "काय होतं तिथे?"

मामांनी पाय फडक्यात परत गुंडाळला. "काही नाही. हात थरथरला होता माझा. बरं केलंस."

ती जेवायला गेल्यावर त्यांनी फाइल उघडली. ते हाड किती उंच, हे अंगठ्याला पाठ होतं. पण अंगठ्याला आकडे येत नव्हते. एक आकडा घातला तर वळण फुगे, दुसरा घातला तर बसून जाई. पडद्यावर कितीतरी पाय होऊन गेले, बायकोचा एकही झाला नाही. पावलं वाजली तशी त्यांनी फाइल न साठवता बंद केली.

आता तो पाय घरातल्या कपाटावर असतो. सून रोज सकाळी तो मऊ फडक्याने पुसते. मामा कपाटाकडे पाठ करून जेवायला बसतात.