तोंड उघडा, काका

बहारीनमध्ये तुबली भागातल्या गॅरेजात बाळाजीला सगळे डेंटर म्हणत. गाडीच्या पत्र्याला आलेला पोचा तो हातोडी आणि लाकडी ठोकळा घेऊन असा काढायचा, की रंग चढल्यावर मालकालाही जागा सापडू नये. त्यामुळे ज्या दिवशी तो गालावर हात ठेवून माहूजच्या दवाखान्यात निघाला, त्या दिवशी रंगकाम करणारा मुख्तार म्हणालाच, "डेंटर चला डेंटिस्ट के पास." मुख्तार त्याचा खोलीतला जोडीदार, त्याला एवढा हक्क होता. बाळाजी हसला नाही. एरवी हसला असता.

माणूस गुणी, पण एक खोड होती. काही विचारा, उत्तर ठरलेलं: "मफी मुश्किल." काही अडचण नाही. अंगात ताप असला तरी मफी मुश्किल, बोटावर हातोडी बसली तरी मफी मुश्किल. अरबी त्याला धड येत नव्हती, पण हे दोन शब्द त्याने बहारीनला उतरल्या आठवड्यात उचलले आणि त्यांच्यावरच बावीस वर्षं काढली. बायको रखमा म्हणायची, या माणसाच्या पोटातलं काढायचं तर पकडच लागेल.

पोटात होतंही तसंच काही. चार महिन्यांपूर्वी तो रजेवर पाटणकडच्या आपल्या गावी गेला होता. तिथे दोन दिवस डावीकडची दाढ ठणकत होती. रखमाने लवंग दिली, ती त्याने दाढेखाली धरली. तिसऱ्या दिवशी अंगणात लाकडं फोडता फोडता तो मटकन खाली बसला आणि त्याला उठता येईना. कराडच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. म्हणाले, "दाढ नव्हती दुखत, हृदय दुखत होतं. काहींना ते जबड्यात दुखतं." मग एका गोळीवर बोट ठेवून त्यांनी बजावलं, "ही रक्त गोठू देत नाही. वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही. चुकवलीत तर नळी परत तुंबेल." रखमाने ते वाक्य पाठच करून टाकलं.

बहारीनला परतताना बाळाजीने त्या गोळ्या हिंगाष्टकाच्या बाटलीत भरल्या. दोन वर्षांपूर्वी गॅरेजातल्या एका वेल्डरला छातीचं दुखणं निघालं, तेव्हा मालकाने गोड बोलून त्याला कायमचा घरी धाडला होता. त्याची बॅग बाळाजीनेच बांधली होती. आता त्याचा स्वतःचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता आणि लेक स्वप्नाली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. रोज जेवण झालं की मुख्तारसमोर एक गोळी तोंडात टाकायची आणि म्हणायचं, "गॅस."

या खेपेची दाढ मात्र खरीच किडलेली होती. उजवीकडची, खालची, शेवटची. दवाखान्यातली नर्स मॅग्डलीन वसईची निघाली. मराठी माणूस बघून तिला बरं वाटलं आणि फॉर्मवरचे प्रश्न तिने मराठीतच विचारले. "काका, शुगर? बीपी? हृदयाचं काही? रक्त पातळ करायच्या गोळ्या?"

प्रश्न कळला नाही म्हणायची सोयही राहिली नाही. बाळाजीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बिल गॅरेज भरणार म्हणून फॉर्मच्या माथ्यावर गॅरेजचं नाव छापलेलं होतं, तिकडे त्याची नजर गेली.

"मफी," तो म्हणाला.

"काहीच नाही ना?"

"मफी मुश्किल, ताई."

मॅग्डलीनने चारही ठिकाणी 'नाही'वर खूण केली आणि म्हणाली, "चला, तोंड उघडा, काका."

डॉक्टरने दाढ डावी-उजवी हलवली. जुन्या लाकडातून खिळा निघताना होतो तसा आवाज बाळाजीच्या डोक्यात झाला. दाढ ट्रेमध्ये टाकत डॉक्टर म्हणाला, "खलास." इथे काम झालं की सगळे खलासच म्हणतात, बाळाजी स्वतःही दिवसातून पन्नासदा म्हणायचा. पण गावाकडे माणूस गेला की खलास झाला म्हणतात, आणि त्या खुर्चीत त्याला तेच आठवलं.

मॅग्डलीनने कापसाचा बोळा दाबून धरायला दिला. "तासभर बोलायचं नाही. थुंकायचं नाही. आणि उद्यापर्यंत चूळ भरायची नाही." वेदनेवरच्या गोळ्यांची पुडी आणि दवाखान्याचा नंबरही दिला. बाळाजीने सगळ्याला मान डोलावली. पण पन्नास वर्षांची सवय ती. संध्याकाळी पातळ भात खाल्ला, बेसिनपाशी गेला, आणि हाताने आपणहून तोंडात पाणी घातलं. खळखळून चूळ भरली तशी ती लालभडक पडली.

मग रक्त थांबेचना. बोळे बदलले, बर्फ लावला, सकाळी उशीला डाग. मुख्तार घाबरला. "भाई, दाँत निकाला है या नल खोला है?" रक्त का गोठत नाही हे त्या खोलीत एकट्या बाळाजीला ठाऊक होतं. त्याने हिंगाष्टकाची बाटली हातात घेतली, खाली ठेवली, परत घेतली. रक्त चालू राहिलं तर डॉक्टर खोलात शिरणार आणि सगळं बाहेर पडणार. शेवटी त्याने दवाखान्यात फोन लावला.

"ताई, गोळ्या बंद केल्या तर चालतील का?"

"दुखतंय का, काका?"

"नाय."

"मग करा बंद. काही बिघडत नाही."

ती पुडीतल्या गोळ्यांबद्दल बोलत होती. बाळाजीला हे पक्कं कळत होतं. पण आपल्याला हवं तेवढंच ऐकायची सोय माणसाने करून ठेवलेली असते. ताईनेच सांगितलं, असं मनाशी म्हणत त्याने बाटली बॅगेच्या तळाशी सारली.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. बाळाजीला इतकं हलकं वाटलं की त्याने मुख्तारला चहा पाजला. रखमाचा फोन आला. "गोळी घेताय न्हवं?"

"घेतोय की."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. लपवाछपवी त्याने पुष्कळ केली होती, पण बायकोशी असं धडधडीत खोटं तो पहिल्यांदा बोलला. जखम नीट भरू दे, शुक्रवारच्या सुट्टीपासून परत सुरू करू, असं त्याने ठरवलं. तो सोमवार होता.

बुधवारी सकाळी तो एका गाडीचं दार ठोकत होता तेव्हा जबडा दुखायला लागला. काढल्यावर काही दिवस दुखतंच, मुख्तार म्हणाला. बाळाजीने दाढेच्या खड्ड्यावरून जीभ फिरवली. तिथे काहीच दुखत नव्हतं. दुखत होतं डावीकडे.

त्याने हातोडी खाली ठेवली. पाकिटात रखमाने बांधून दिलेल्या लवंगा होत्या, त्यातली एक काढून डाव्या दाढेखाली धरली. काय करतोय हे त्याचं त्यालाच उमगलं. घाम सुटला. पण पत्र्याच्या शेडमध्ये सगळेच घामाघूम, त्याचा तेवढा कुणाला दिसणार?

तेवढ्यात फोन वाजला. मॅग्डलीन होती. दाढ काढलेल्या माणसांना ती आठवणीने विचारायची. "काका, बरं आहे ना? दुखत नाही ना काही?"

चार पावलांवर मालक उभा होता. शेजारी मुख्तार.

"मफी..." बाळाजी म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द येईना. दम लागला होता. "ताई, दुखतंय. डावीकडं."

"डावीकडे? पण आपण उजवीकडची काढली." मग तिचा आवाज बदलला. "काका, तोंड उघडा. काय लपवताय?"

मालकाने मान वळवून पाहिलं. बाळाजीला त्या वेल्डरची बॅग दिसली, तिची न बसणारी चेन दिसली. "मी बंद केल्या त्या गोळ्या दाताच्या नव्हत्या," तो म्हणाला. "हृदयाच्या होत्या. चार महिन्यांमागं स्टेंट बसवलाय."

"किती दिवस झाले बंद करून?"

"आजचा चौथा."

"खाली बसा. उठू नका. फोन शेजारच्याला द्या. आत्ता."

मुख्तारने फोन ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने ओरडून मालकाला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. मालक नंबर लावून गॅरेजचा रस्ता सांगू लागला. बाळाजीला अर्धवट ठोकलेल्या दाराशी टेकवून मुख्तार त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याचा हात धरला.

"भाई, वो गोली तो गॅस की थी ना?"

बाळाजीला मफी मुश्किल म्हणायचं होतं, निदान या भल्या माणसाला तरी. त्याने तोंड उघडलं. लवंग हनुवटीवरून खाली पडली, पण शब्द आला नाही. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून.