आखितीला लावलेले दोडके

शेजारच्या वाफ्यातल्या काकूंमुळं माझ्या आईच्या दारचा दोडका वाचला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात कौतुक कमी आणि जळफळाट जास्त आहे.

इथं अमेरिकेत, नेपरव्हिलला, उन्हाळ्यापुरते भाजीचे वाफे भाड्यानं मिळतात. माझा आणि काकूंचा लागून. काकू मूळ नागपूरच्या, इंजिनीअर, जन्म इथंच घालवला, आता रिटायर. मी आठवीत शाळा सोडली. नवरा इथं हॉटेलात कुक आहे म्हणून मी इथं. पण खुरपणी-लावणी लहानपणापासून केलेली, त्यामुळं वाटायचं, या एका जागी तरी आपण कुणापुढं कमी पडणार नाही.

तर काकूंकडं तक्ता निघाला. इथं शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे रोपं जाळून टाकणारी शेवटची गार रात्र, मेच्या मध्यापर्यंत कधीही येऊ शकते. ती तारीख धरून काकू उलटे आठवडे मोजायच्या. मिरचीचं बी घरात कधी रुजवायचं, वांगी बाहेर कधी न्यायची, सगळं रंगीत चौकोनांत. अमेरिकन शेजारीसुद्धा त्यांना विचारायला यायचे आणि काकू फाडफाड इंग्रजीत सांगायच्या. मी आपली मान खाली घालून खुरपत राहायचे. घरी येऊन पोळ्या लाटायला बसले की नवरा म्हणायचा, "त्या पोळपाटानं काय केलंय गं तुझं?"

एकदा काकूंची टोमॅटोची रोपं काडीसारखी उंच होऊन लोळली. त्या दिवशी मी शिरा केला. कशाबद्दल, ते नवऱ्याला सांगितलं नाही.

माझ्याकडं दोडक्याची नऊच रोपं होती. गावाकडं आईचा वेल आदल्या साली वाळला, बी धरायचं राहून गेलं. तिनं मला पूर्वी दिलेलं तेवढंच काय ते उरलेलं. मी ते कागदी कपांत, खिडकीत रुजवलं होतं. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "आलं का गं वर?"

आमच्याकडं वेल लावायचा तो आखितीला. अक्षय्य तृतीयेला आळं करून लावलेला वेल मांडवावर मावत नाही, असं आई मानते आणि मीही मानते. त्या वर्षी आखिती मे लागायच्या आधीच आली. ऊन छान होतं. मी नऊच्या नऊ रोपं बाहेर लावली, हळदकुंकू वाहिलं.

काकू त्यांच्या बुटक्या स्टुलावर बसून बघत होत्या. "अगं, पंधरा दिवस थांब नं. परवा रात्री फ्रॉस्ट सांगितलाय."

"काकू, आज आखिती आहे."

"असेल. पण इथल्या थंडीला पंचांग वाचता येत नाही."

"तुमचा तक्ता बरा वाचता येतो तिला," मी म्हणाले.

काकू मोकळं हसल्या. मला ते हसणंच जास्त लागलं. त्या काही बोलल्या नसत्या तर संध्याकाळी मीच निम्मी रोपं आत नेली असती, धाकधूक होतीच. पण आता उपटायची म्हणजे त्यांचं खरं झालं. फ्रॉस्ट सांगितलेल्या दिवशी संध्याकाळी झाकायला जावं असं दहादा मनात आलं. काकू तिथं दिसतील म्हणून गेले नाही.

सकाळी गाडीच्या काचेवर पांढरा थर दिसला. तशीच स्लिपरवर वाफ्याकडं पळाले. माझ्या आळ्यांवर बादल्या पालथ्या घातलेल्या. बादल्या संपल्या तिथं पातेली, एका आळ्यावर कुकर. वरून जुन्या चादरी, कडेनं विटा. काकूंची स्वतःची रोपं अजून घरातच होती, त्यांना यायचं काहीच कारण नव्हतं.

मी चादरीला हात घातला तर मागून आवाज आला, "ऊन वर येऊ दे गं, मग काढ." काकू कोट घालून, थर्मास घेऊन उभ्या. तेव्हाही मनात आलं, निदान हे तरी मला माहीत असायला हवं होतं. थँक्यू म्हणायला तोंड उघडेना. म्हणाले, "कुकर कशाला आणलात?"

"पातेली संपली. आज आमच्याकडं टोस्ट."

ऊन आल्यावर चादरी काढल्या. दोन रोपं काळी पडली होती, सात हिरवी.

ऑगस्टमध्ये दोडके लागले. दोन वेलांवरचे बियांसाठी राखले. व्हिडिओ कॉलवर आईला मांडव दाखवला, तर ती म्हणाली, "बघ, आखितीचा वेल आहे." मी हो म्हणाले. काकूंचं नाव घेतलं नाही.

काकूंचे गुडघे आता वाकत नाहीत. एखाद्या वर्षी त्यांना वाफा सोडावा लागेल. त्या वर्षी तो मी करणार, त्यांच्या तक्त्याप्रमाणं, एक दिवस पुढंमागं न करता. आणि तेव्हा आईला फोनवर सगळं सांगणार, तिचे दोडके कुणी वाचवले ते.